सगळीकडे सातच दाखवणारा मीटर: दोन मातींच्या एका परसबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर रस्त्याच्या पश्चिमेला असलेल्या एका गावातली ही तीन गुंठ्यांची परसबाग. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. बाग सांभाळणाऱ्या निवृत्त जोडप्याला इथे काका-काकू म्हटलं आहे.

मूळ जमीन जांभ्यावरची, तांबडी. या पट्ट्यात सह्याद्रीचा पाऊस भरपूर पडतो आणि वर्षानुवर्षं तो मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश खाली वाहून नेतो. मागे हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम उरतात आणि जमीन आम्लधर्मी होत जाते. त्यात दरवर्षी मूठमूठ युरिया पडत राहिला तर तोही माती आम्लाकडेच नेतो. जिल्ह्याच्या पूर्वेला, अथणी-रायबाग-सौंदत्तीकडे, चित्र अगदी उलट आहे. पाऊस कमी, माती काळी, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे आणि सामू, म्हणजेच पीएच (सात म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल, वर अल्क), आठच्या पुढे. एकाच जिल्ह्यात दोन टोकांच्या माती असल्यामुळे इथे ‘आपल्याकडची माती अशी असते’ असं सरसकट सांगणारा सल्ला फार धोक्याचा ठरतो.

या बागेत तर दोन्ही माती एकत्र आल्या होत्या. घर बांधून झाल्यावर काकांनी पूर्वेकडच्या एका विहिरीच्या खुदाईतली काळी माती ट्रॉल्या भरून आणवली आणि पुढच्या एका गुंठ्यात तिचे फूटभर उंच वाफे केले. ‘काळी माती म्हणजे कसदार’ ही समजूत त्यामागे होती. उरलेले दोन गुंठे तांबडेच राहिले. तांबड्यात घेवडा, मेथी, नवलकोल आणि एका कोपऱ्यात अर्धा गुंठा बटाटा. काळ्यात मिरची, टोमॅटो, पालक आणि एक कलमी लिंबू.

अडचण

दोन हंगाम तक्रारी वाढत गेल्या. तांबड्या भागात मेथी बोटभर होऊन थांबायची. घेवड्याची वाढ खुंटलेली, उपटून बघितलं तर मुळांवर गाठी जवळजवळ नाहीत. नवलकोलची खालची पानं जांभळट पडायची. हे बहुतेक वेळा स्फुरद (फॉस्फरस) मिळत नसल्याचं लक्षण. काळ्या वाफ्यात वेगळीच कथा: लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. मिरचीच्या शेंड्यालाही तसंच.

पुतण्याने तीन-चारशे रुपयांचा मीटर मागवून दिला. हिरवा डबा, खाली दोन धातूच्या कांड्या, वर ओलावा, उजेड आणि सामू अशी तीन घरांची कळ. सेल लागत नाही. काकूंनी तो सगळ्या वाफ्यांत खुपसून पाहिला. तांबड्यात सात, काळ्यात सात, लिंबाच्या आळ्यात सातच्या किंचित अलीकडे.

शेजारच्या शेतकरी मामांना मीटरवर भरवसा नव्हता. “तांबडी माती आंबटच असतीया काकू. दोन पोती चुना मारा की सगळीकडं.” सांगून ते थांबले नाहीत, भिंतींना लावायच्या चुन्याची चाळीस किलोची दोन पोती दुसऱ्या दिवशी पडवीत आणून ठेवली.

इथे पहिला निर्णय होता. मीटर खरा मानला तर काहीच करायचं कारण नव्हतं. मामांचं खरं मानलं तर सगळ्या बागेत चुना. काकूंना तिसरीच शंका आली आणि ती महत्त्वाची होती: पिकं दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने आजारी असताना काटा एकच आकडा कसा दाखवतो?

मीटर नेमकं काय मोजतो

दोन कांड्यांच्या या स्वस्त मीटरमध्ये सामू मोजणारा असा भागच नसतो. दोन कांड्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात. ओल्या मातीत खुपसल्या की त्यांचा एक दुबळा सेल तयार होतो आणि त्यातून वाहणाऱ्या विजेवर काटा हलतो. ही वीज सामूमुळे थोडी बदलते हे खरं, पण त्याहून कितीतरी जास्त ती मातीच्या ओलाव्यावर, विरघळलेल्या क्षारांवर, कांडीला माती किती घट्ट चिकटली त्यावर आणि धातूवर चढलेल्या गंजाच्या थरावर अवलंबून असते. एकाच जोडीवर ओलावाही मोजला जातो आणि सामूही, यातच सगळं आलं. बदलते ती फक्त काट्यामागची पट्टी.

पडताळणी घरच्या घरी झाली. एका काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घेतलं, कांड्या बुडवल्या, कळ सामूवर ठेवली. काटा आठाजवळ, जवळजवळ न हललेला. मग चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. काटा सरकत सरकत सहाच्याही खाली आला. मिठाने पाण्याचा सामू बदलत नाही, फक्त पाण्यातून वीज सहज वाहू लागते. म्हणजे काटा क्षार मोजत होता. मग तांबड्या मातीची एक कुंडी कोरडी असताना आणि पाणी घालून अर्ध्या तासाने, अशी दोनदा पाहिली. माती तीच, आकड्यात जवळजवळ एकाचा फरक.

आकड्यात एकाचा फरक ऐकायला लहान वाटतो. सामूची पट्टी दहापटीची असते. साडेपाच आणि साडेसहा यांत आम्लतेचा फरक दहापट असतो. खताचा किंवा चुन्याचा निर्णय या मीटरवर घेता येत नाही. तो फेकायचीही गरज नाही. कुंडीत खाली ओल आहे की नाही एवढं तो सांगतो.

कोणते पर्याय समोर होते

लिटमससारख्या कागदी पट्ट्या सगळ्यात स्वस्त. पण तांबड्या मातीचं पाणी स्वतःच गढूळ तांबूस असतं, पट्टीचा रंग त्यात ओळखू येत नाही. गाळून घेतलं तरी अर्ध्या-एकाचा अंदाज चुकतो.

प्रयोगशाळा हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामूबरोबर क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज आणि बोरॉन असे एकूण बारा घटक तपासले जातात. बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप आणि गोकाकजवळ तुक्कानट्टी इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत आणि होबळीच्या (तालुक्याखालच्या गावगटाच्या) रयत संपर्क केंद्रात नमुना कुठे द्यायचा याची विचारपूस करता येते. अहवाल कन्नडमध्ये आला तर ‘रससार’ हा रकाना सामूचा. अडचण एवढीच की अहवाल यायला दिवस लागतात आणि बागेतले आठ-दहा कोपरे वेगवेगळे तपासून घेणं व्यवहारात होत नाही.

तिसरा पर्याय पेनासारखा डिजिटल मीटर. टोकाला काचेचा छोटा फुगा असतो आणि तो खरोखर हायड्रोजनच्या आयनांना प्रतिसाद देतो. साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो, सोबत बफर पावडरची, म्हणजे पेन जुळवायला ठरावीक सामूचं द्रावण करायची, पाकिटं येतात. तोच घेतला गेला, आणि दोन नमुने प्रयोगशाळेतही दिले. हा दुहेरी खर्च आम्हाला योग्य वाटतो. पेन एका बाजूला पडत असेल तर प्रयोगशाळेच्या एका आकड्यावरून ते कळतं आणि मग उरलेले सगळे कोपरे पेनाने घरी तपासता येतात.

पेन मीटर वापरताना

या पेनाच्या बाबतीत बहुतेक चुका पहिल्या दिवशीच होतात, म्हणून हा भाग सविस्तर.

नवा पेन खोक्यातून काढून लगेच वापरायचा नाही. काचेचा फुगा कोरडा असतो आणि कोरडी काच आळशी आकडे देते. टोक साठवणीच्या द्रावणात (पोटॅशियम क्लोराइडचं असतं) किंवा ते नसेल तर ४.०१ च्या बफरमध्ये किमान दोन तास बुडवून ठेवावं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवू नये, त्याने पेनाच्या आतलं द्रावण पातळ होत जातं. टोपीत स्पंजाचा तुकडा असेल तर तो त्याच द्रावणाने कायम ओला ठेवायचा.

बफरची पाकिटं तीन असतात: ६.८६, ४.०१ आणि ९.१८. हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे. पाकिटावर लिहिलेल्या मापातच, बहुतेक २५० मिलीलीटर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पावडर पूर्ण विरघळवायची. पाणी अंदाजाने घालायचं नाही. बाटल्या प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या, वर तारीख लिहिलेली. वापरण्यापुरतं द्रावण लहान वाटीत काढायचं आणि वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. ९.१८ चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली उतरतं, त्यामुळे ते सर्वांत आधी टाकून द्यावं लागतं.

पेन आधी ६.८६ मध्ये बुडवून, आकडा स्थिर झाल्यावर बटणाने किंवा मागच्या स्क्रूने जुळवायचा. मग पाण्याने धुऊन, टिश्यूने टिपून (घासून नव्हे) दुसऱ्या बफरमध्ये. माती आम्ल असण्याचा अंदाज असेल तर दुसरं बफर ४.०१, काळी माती असेल तर ९.१८. एकाच बिंदूवर जुळवलेला पेन सातजवळ बरोबर आणि साडेपाचला चूक असू शकतो. स्क्रूवाल्या पेनात एकच बिंदू जुळतो. तिथे दुसऱ्या बफरमध्ये किती फरक येतो तो लिहून ठेवावा आणि वाचनात तेवढा विचार करावा.

पेन मातीत खुपसायचा नाही. फुग्याची भिंत कागदासारखी पातळ असते, तांबड्या मातीतला एक मुरमाचा खडा तिला पुरतो. मातीचं द्रावण करूनच मोजायचं. डिस्टिल्ड किंवा आर.ओ.च्या पाण्यात पेन बुडवून ‘सात येतं का’ हे पाहण्यातही अर्थ नाही. अशा पाण्यात क्षारच नसल्यामुळे आकडा भटकत राहतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते पाणी तसंही सातच्या खालीच असतं.

नमुने आणि पहिला घोळ

बाग पाच भागांत वाटली: तांबडा भाजीचा भाग, बटाट्याचा कोपरा, काळे वाफे, लिंबाचं आळं आणि दोन मातींच्या मधला पट्टा. न्हाणीघराच्या चुलीची राख पडते तो कोपरा मुद्दाम बाजूला ठेवला. लाकडाच्या राखेने सामू झपाट्याने चढतो आणि अशा जागेची एक मूठ मिसळली तरी सगळा नमुना बिघडतो.

प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ ठिकाणी वरचा पालापाचोळा सारून खुरप्याने १५ सेंटीमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेतला आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत काढली. आठही चकत्या प्लॅस्टिकच्या बुट्टीत मिसळून ढीग केला, त्याचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा मिसळलं, असं करत अर्धा किलो उरवली. सावलीत कागदावर वाळवून, ढेकळं लाटण्याने फोडून दोन मिलीमीटरच्या चाळणीतून काढली. लिंबासाठी ३० सेंटीमीटरपर्यंतचा आणि त्याखालचा ६० पर्यंतचा असे दोन वेगळे नमुने घेतले, कारण झाडाची मुळं वरच्या वितीतच राहत नाहीत.

मोजायची रीत १:२.५ ची, म्हणजे २० ग्रॅम माती आणि ५० मिलीलीटर पाणी. अर्धा तास, दर पाच-सात मिनिटांनी काडीने ढवळायचं, मग पेन धरायचा. फुगा तळाच्या गाळात रुतवायचा नाही आणि दर नमुन्याला खोली तीच ठेवायची. आकडा मिनिटभर थांबू द्यायचा. दोन नमुन्यांच्या मध्ये टोक धुऊन टिपायचं.

पहिल्या दिवशी काकांनी डिस्टिल्ड वॉटर वाचवायला बोअरचं पाणी वापरलं. तांबड्याचा आकडा ५.८ आला. दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीच माती ५.३. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते मातीतलं थोडं आम्ल मारतं आणि आकडा वर ढकलतं. डिस्टिल्ड वॉटर गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथेच बॅटरीचं ॲसिडही तशाच डब्यात विकतात. लेबल वाचून घ्यावं.

शेवटी आकडे असे आले: तांबडा भाग ५.३, बटाट्याचा कोपरा ५.३, मधला पट्टा ७.१, काळे वाफे ८.२, लिंबाचं आळं वर ८.२ आणि खाली ७.६. प्रयोगशाळेने तांबड्याला ५.४ आणि काळ्याला ८.१ दिले. पाचशे-हजाराच्या पेनाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. त्याचा दुसरा दशांश कधी वाचायचाच नाही.

दोन कांड्यांच्या मीटरला सात वाटलेली बाग प्रत्यक्षात पाच ते आठच्या पुढे पसरलेली होती. पिकांची लक्षणंही आता जुळली. साडेपाचच्या खाली मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं आखूड करतं, स्फुरद अडकून बसतं, घेवड्याच्या गाठी करणारे जिवाणू मागे पडतात. आठच्या पुढे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, म्हणून नवी पानं पिवळी.

चुना घालायचा का, कुठे, किती

मामांचं निम्मं बरोबर निघालं: तांबडी माती आम्लच होती. पण त्यांच्या सांगण्याप्रमाणे ऐंशी किलो चुना तीन गुंठ्यांत सरसकट पडला असता तर काळे वाफे आणखी वर गेले असते आणि बटाट्याचा कोपराही. बटाट्याला साधारण ५.५ च्या खालचा सामू सोसतो, उलट तो चढला की सालीवर खपल्यांचा रोग बळावतो. म्हणून निर्णय झाला: चुना फक्त दीड गुंठ्यात, भाजीच्या तांबड्या भागात.

कोणता चुना? पडवीतली पोती विझवलेल्या चुन्याची होती. तो झटपट काम करतो, पण हाताला आणि डोळ्याला भाजतो, कोवळी मुळं जाळतो आणि जास्त पडला तर परतीचा रस्ता नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० किलोंचं काम विझवलेल्या चुन्याचे ७४ किलो किंवा कळीच्या चुन्याचे ५६ किलो करतात, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला लावलं की घोटाळा होतो. इथे दळलेला डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड, घेतला. त्यातून मॅग्नेशियमही मिळतं, जे या पावसाळी मातीत कमीच असतं. पावडर पिठासारखी बारीक हवी. भरड असेल तर वर्ष-दोन वर्षं नुसती पडून राहते.

किती, हे सामूच्या आकड्यावरून थेट निघत नाही आणि इथेच बहुतेक जण फसतात. ५.३ असलेली हलकी वाळूमिश्रित माती थोड्या चुन्याने वर येते, ५.३ असलेली चिकण, सेंद्रिय माती दुप्पट-तिप्पट मागते. म्हणून कुंड्यांचा प्रयोग केला. एका गुंठ्याची १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती अंदाजे २० टन भरते, म्हणजे किलोला १ ग्रॅम हे प्रमाण गुंठ्याला २० किलो झालं. चार कुंड्यांत प्रत्येकी २ किलो चाळलेली तांबडी माती घेतली आणि ०, १, २ आणि ४ ग्रॅम डोलोमाइट कालवलं. सोनारकामाच्या लहान डिजिटल काट्यावर हे वजन नीट होतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही. कुंड्या तीन आठवडे सावलीत, ओलसर पण चिखल न होऊ देता ठेवल्या. मग तेच १:२.५ चं द्रावण करून आकडे घेतले: ५.३, ५.६, ५.९ आणि ६.५.

४ ग्रॅमचा ६.५ मोहात पाडणारा होता. पण एकदम जास्त चुन्याने जस्त आणि बोरॉन अडकतात, आणि कुंडीत हाताने कालवलेला चुना शेतात तितका नीट मिसळत नाही, त्यामुळे कुठे सातच्या वर तर कुठे साडेपाचवरच असे डाग पडतात. साधारण ६ हे लक्ष्य ठरलं. २ ग्रॅमची कुंडी म्हणजे किलोला १ ग्रॅम, गुंठ्याला २० किलो, दीड गुंठ्याला ३०. तेही दोन हप्त्यांत: १५ किलो ऑक्टोबरअखेर, १५ किलो मे महिन्यात.

वारा नसलेली सकाळ बघून, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा लावून पावडर फोकली, कुदळीने वीतभर खोल मिसळली आणि हलकं पाणी दिलं. वर नुसती पसरून ठेवलेली पावडर खाली उतरत नाही. शेणखत आणि युरिया तीन आठवडे लांब ठेवले, कारण चुन्याबरोबर त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. पेरणी त्यानंतर.

काळे वाफे

इथे सल्ले जास्त आले आणि करण्यासारखं कमी होतं. एकाने गंधक सुचवलं, एकाने जिप्सम.

आधी चमचाभर कोरड्या काळ्या मातीवर पांढरं व्हिनेगर ओतलं. माती खदखदून फेसाळली. म्हणजे तिच्यात मोकळा चुना होता आणि तो संपल्याशिवाय सामू खाली येणार नव्हता. हिशेब साधा आहे: २० टन मातीत एक टक्का चुना असेल तर तो २०० किलो. तेवढा मारायला ६४ किलो गंधक लागतं, एका गुंठ्याला. आणि विहिरीतल्या मातीत चुना एक टक्काच असेल असं कशावरून? गंधकाचा विचार तिथेच सोडला. जिप्सम चोपण जमिनीला उपयोगी पडतं, जिथे सोडियम जास्त असतो. चुनखडीच्या मातीचा सामू त्याने उतरत नाही.

मग सामू आहे तसा ठेवून पिकं बदलली. पालकाला हा सामू चालतो, तो तिथेच राहिला. वांगीही तिकडे गेली. मिरची पुढच्या हंगामात मधल्या पट्ट्यात आणली. लिंबासाठी फेरस सल्फेटची फवारणी: लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, द्रावण त्याच वेळी केलेलं, उन्हं उतरल्यावर. तेच फेरस सल्फेट या मातीत टाकलं तर काही दिवसांत निरुपयोगी होतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) जमिनीतून द्यायचंच असेल तर पुडक्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघावं. स्वस्तातलं ईडीटीएवालं आठच्या सामूला टिकत नाही.

वर्षभराने

फेब्रुवारीत तांबड्या भागाचा आकडा ५.६ होता, दुसऱ्या हप्त्यानंतरच्या ऑक्टोबरात ५.९. कुंडीने सांगितलेल्या आकड्यावरच शेत येऊन थांबलं. घेवड्याच्या मुळांवर गाठी धरल्या. नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग, म्हणजे त्या नत्र बांधत होत्या. मेथी कापणीला आली. नवलकोलची पानं मात्र पहिल्या हंगामात जांभळी राहिलीच. सामू सुधारला तरी स्फुरदाचा मूळ साठा कमी होता, हे प्रयोगशाळेच्या अहवालात आधीच लिहिलेलं होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

लिंबू सुधारला नाही. फवारलेली पानं हिरवी झाली, पुढची पालवी पुन्हा पिवळी.

चौथ्या महिन्यात पेनाची टोपी कोरडी पडली आणि आकडा स्थिर व्हायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. रात्रभर साठवणीच्या द्रावणात ठेवल्यावर तो सावरला, पण ६.८६ वर जुळवल्यावर ४.०१ मध्ये ४.२ दाखवू लागला. काच म्हातारी होत चालल्याचं हे लक्षण आहे. असे पेन वर्ष-दोन वर्षं चालतात, त्यापुढे धरून बसू नये.

कुठे वेगळं करता आलं असतं

खरा निर्णय मीटर घेण्याच्या दोन वर्षं आधीचा होता. काळ्या मातीची ट्रॉली दारात आली तेव्हा एक चमचा व्हिनेगर तिच्यावर टाकून बघितलं असतं तर ती फेसाळताना दिसली असती आणि ट्रॉली परत गेली असती. भरावाची माती घेताना हे आता बेळगावच्या आसपास प्रत्येकाने करायला हवं, कारण घरांची बांधकामं वाढली तशी कुठलीही माती कुठेही जाऊन पडते आहे.

दुसरं, प्रयोगशाळेचा नमुना आधी द्यायला हवा होता. तो दिला असता तर दोन कांड्यांच्या मीटरचे पैसे वाचले असते आणि स्फुरदाची कमतरताही पहिल्याच हंगामात भरून निघाली असती. कुंड्यांचा प्रयोग एकाच भागाच्या मातीवर झाला. तो बटाट्याच्या कोपऱ्याच्या मातीवरही करून ठेवला असता तर पुढे तिथे भाजी घ्यायची झाल्यास माप हाताशी असतं.

लिंबाबद्दल दोन मतं आहेत. एक, आळं रुंद करून काळी माती काढायची आणि तांबडी भरायची. पण मुळं आधीच खालच्या ७.६ च्या थरात गेली आहेत आणि उकरताना ती तुटतील. दुसरं, नवं कलम तांबड्या भागात लावायचं आणि जुनं चालेल तितकं चालू द्यायचं. आम्हाला दुसरा मार्ग पटतो. काकूंनीही तेच ठरवलं आहे. खड्डा मेमध्ये घेतला जाईल, त्यात मिसळायचं डोलोमाइट त्या खड्ड्याच्याच मातीवर कुंडीत तपासून.

यापुढचे नमुने दरवर्षी ऑक्टोबरातच घ्यायचे आहेत. उन्हाळ्यात वर आलेल्या क्षारांमुळे तीच माती पाव-अर्ध्या आकड्याने खाली दिसू शकते, आणि एप्रिलचा आकडा ऑक्टोबरच्या शेजारी ठेवला की चुना कमी पडला असं उगाच वाटतं. वहीत तारीख, शेवटचा पाऊस, कोणत्या बफरवर पेन जुळवला आणि पाणी कोणतं वापरलं, हे चार रकाने काकूंनी आखून घेतले आहेत.